प्रश्न प्रसविकेने विचारायचा, पण कोणाच्या बळावर?

गर्भवती स्त्रीवर जोडीदाराकडून होणाऱ्या हिंसेविषयीचा कोणताही अहवाल उघडला, तरी त्याच्या शेवटच्या पानांवर एक शिफारस हमखास सापडते: गर्भवतीची देखभाल आणि बाळंतपण करणाऱ्या प्रसविकांमध्ये या विषयाची जागरूकता वाढवावी. शिफारस निरुपद्रवी दिसते, तिला विरोध करावा असे कोणाला वाटत नाही आणि ती अमलात आणायला खर्चही फारसा येत नाही. एका दिवसाचे प्रशिक्षण घेतले, भिंतीवर एक भित्तिपत्रक लावले, की काम झाल्याची नोंद करता येते. माझा आक्षेप नेमका या स्वस्ताईला आहे. गर्भारपणातील हिंसा नजरेआड राहते याचे मुख्य कारण प्रसविकेचे अज्ञान हे नाही. तिला पुष्कळदा काहीतरी दिसलेले असते, निदान शंका तरी आलेली असते. पण त्या शंकेचा प्रश्न करायला लागणारा एकांत आणि वेळ, तसेच उत्तर आल्यावर पुढे काय करायचे याची व्यवस्था, यांपैकी काहीच तिच्या हाताशी नसते. ती व्यवस्था उभी करणे हे संस्थेचे काम आहे, आणि ‘जागरूकता’ हा शब्द वापरून ते काम प्रसविकेच्या वैयक्तिक संवेदनशीलतेवर ढकलले जाते.

सुईण हा जुना शब्द मला प्रसविकेपेक्षा अधिक जिवंत वाटतो, परंतु तो आता अनुभवातून शिकलेल्या बाईपुरता उरला आहे, आणि येथे ज्यांच्याविषयी बोलायचे आहे त्या रीतसर शिक्षण घेतलेल्या, गर्भारपणापासून बाळंतपणानंतरच्या आठवड्यांपर्यंत स्त्रीची देखभाल करणाऱ्या व्यावसायिक आहेत. तरीही सुईणीपासून पोट लपत नाही हे म्हणणे त्यांनाही लागू पडते. गर्भाशयाची उंची मोजताना, बाळाचे ठोके ऐकण्याची जागा चाचपताना प्रसविकेचा हात दर भेटीत त्या पोटावरून फिरतो. एरवी निरोगी असलेल्या तरुण स्त्रीची आरोग्यसेवेशी इतक्या थोड्या महिन्यांत इतक्या वेळा गाठ पडण्याचा दुसरा काळ तिच्या आयुष्यात सहसा येत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने 2016 पासून प्रसूतीपूर्व काळात किमान 8 भेटी व्हाव्यात असे सुचवलेले आहे. त्या भेटींत मासिक पाळी, आधीचे गर्भपात, लैंगिक संबंध, लघवी, झोप अशा गोष्टींची चौकशी होते, ज्या ती स्त्री एरवी कोणाजवळ बोलणार नाही. इतके सगळे विचारणारी व्यक्ती ‘घरी कोणी मारते का’ एवढेच विचारत नाही, तेव्हा त्या न विचारण्यालाही अर्थ प्राप्त होतो. हा विषय येथे काढायचा नसतो, असे स्त्री त्यातून समजून घेते.

हिंसेचे प्रमाण किती, हे ठिकाणागणिक बदलते. जागतिक आरोग्य संघटनेने 10 देशांतील 15 ठिकाणी 24,000 हून अधिक स्त्रियांशी बोलून केलेला अभ्यास 2005 मध्ये प्रसिद्ध झाला. कधी ना कधी गर्भवती राहिलेल्या स्त्रियांपैकी गर्भारपणात मारहाण झाल्याचे सांगणाऱ्यांचे प्रमाण जपानमधील शहरात 1 टक्का, तर पेरूमधील एका प्रांतात 28 टक्के होते. बहुतेक ठिकाणी ते 4 ते 12 टक्क्यांच्या दरम्यान पडत होते. मार खाल्लेल्यांपैकी चतुर्थांश ते निम्म्या स्त्रियांना पोटावर बुक्का किंवा लाथ बसली होती, आणि 90 टक्क्यांहून अधिक प्रकरणांत मारणारा हा त्या पोटातील बाळाचा बापच होता. तोंड बांधून बुक्क्यांचा मार हा वाक्प्रचार आपण कार्यालयातल्या कुरबुरींसाठीही सहज वापरतो. येथे तो अक्षरशः खरा आहे. हे आकडेही केवळ शारीरिक मारहाणीचे आहेत. पैसे हातात न देणे, माहेरच्यांशी बोलू न देणे, गर्भनिरोधक साधने फेकून देऊन गर्भ लादणे, बाळंतपणाला काही दिवस उरले असताना बळजबरीने संबंध ठेवणे, हे त्यांत आलेले नाही. बहुसंख्य स्त्रियांच्या बाबतीत मार गर्भ राहण्याआधीपासूनच चालू होता. तरी गर्भारपणातच पहिल्यांदा हात उगारला गेला, असे सांगणाऱ्या स्त्रियाही होत्या. म्हणजे पोट दिसू लागल्यावर घरातला राग आपोआप निवळतो, या समजुतीला आधार नाही.

तुलनेसाठी पाहावे तर गर्भारपणात रक्तदाब वाढून होणारा पूर्वप्रसवाक्षेप हा विकार साधारण 2 ते 8 टक्के गर्भवतींमध्ये आढळतो. तो वेळेवर लक्षात यावा म्हणून जगातील प्रत्येक प्रसविका प्रत्येक भेटीत दंडावर पट्टा बांधते. हिचा रक्तदाब वाढलेला असेल असे वाटते का, असा विचार करत ती बसत नाही. हिंसेचे प्रमाण त्याच पट्टीतले किंवा त्याहून अधिक असताना तिची विचारपूस मात्र प्रसविकेच्या अंदाजावर सोडलेली असते. अर्थात ही तुलना मी एका मर्यादेपुरतीच ताणतो. पाऱ्याचा स्तंभ खोटे बोलत नाही, त्याला भीती वाटत नाही, आणि रक्तदाब मोजल्याचे घरी कळले म्हणून त्या रात्री कोणी मार खात नाही. म्हणूनच हिंसेविषयीचा प्रश्न नेहमीचा व्हावा, पण तो यांत्रिक होऊ नये, ही अवघड मागणी करावी लागते.

अंदाजावर विसंबण्यातला धोका दुहेरी आहे. जाणकार प्रसविकेला काही खुणा ठाऊक असतात: पहिली नोंदणी उशिरा झालेली असणे, ठरलेल्या भेटी वारंवार चुकणे, प्रत्येक प्रश्नाचे उत्तर सोबत आलेल्या पुरुषानेच देणे, तपासणीत काहीच न सापडता पुन्हा पुन्हा पोटात दुखत असल्याची तक्रार घेऊन येणे, जखमेची सांगितलेली हकीकत जखमेशी न जुळणे. या खुणा शिकवायलाच हव्यात. परंतु हिंसा भोगणाऱ्या कितीतरी स्त्रियांमध्ये यांपैकी एकही खूण नसते. गळा आवळण्याचे उदाहरण घेण्यासारखे आहे. अमेरिकेत 2008 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात असे दिसले की, जोडीदाराने पूर्वी गळा आवळलेला असल्यास पुढे त्याच्याकडून खून होण्याची शक्यता सुमारे सातपट होती. आणि तरीही गळा आवळल्यावर पुष्कळदा मानेवर डोळ्यांना दिसेल असा वळ उमटत नाही. आवाज घोगरा झालेला असतो, गिळताना दुखते, डोळ्यांत बारीक लाल ठिपके येतात, नाहीतर काहीच दिसत नाही. जो प्रकार सर्वांत धोक्याचा, तोच सर्वांत कमी दिसणारा असेल तर केवळ नजरेवर भिस्त ठेवून कसे चालेल?

दुसरा धोका अधिक नाजूक आहे. अंदाजाने विचारायचे ठरले की प्रसविका ‘तशा’ वाटणाऱ्या स्त्रियांनाच विचारते, आणि तशा म्हणजे कोण, हे तिच्या मनातले पूर्वग्रह ठरवतात. गरीब, फार तरुण, परक्या देशातून आलेली, दारूचा वास येणाऱ्या नवऱ्याची बायको, यांना प्रश्न विचारला जातो. वकील असलेली, नीटनेटकी, हसून बोलणारी, आणि कदाचित प्रसविकेच्याच सामाजिक वर्तुळात वावरणारी बाई सुटते. ज्यांना विचारले जाते त्यांना अपमान वाटतो आणि जिला विचारले जात नाही ती एकटी पडते. ‘आम्ही हा प्रश्न येथे येणाऱ्या प्रत्येकीला विचारतो’ या एका वाक्याने हे दोन्ही टळते. सर्वांना विचारण्याच्या बाजूने मला सर्वांत पटणारा युक्तिवाद हाच आहे. अधिक प्रकरणे उघडकीस येतात हा त्याच्या नंतरचा.

बाळावर आणि आईवर होणाऱ्या परिणामांविषयी फार लिहिण्याची गरज नाही, कारण त्याबद्दल दुमत नाही. पोटावरच्या आघाताने वार (बाळाला गर्भाशयाशी जोडणारा अवयव) वेळेआधी सुटू शकते, रक्तस्राव होतो, गर्भ दगावू शकतो. थेट आघात नसला तरी अकाली प्रसूती, कमी वजनाचे बाळ, बाळंतपणानंतरचे नैराश्य यांच्याशी हिंसेचा संबंध अनेक देशांतील अभ्यासांत पुन्हा पुन्हा दिसला आहे. ज्या एका परिणामाकडे मात्र जवळजवळ कोणी पाहत नाही, तो म्हणजे मृत्यू, आणि तो न दिसण्याचे कारण व्याख्येत दडले आहे. मातामृत्यूच्या आंतरराष्ट्रीय व्याख्येत गर्भारपणात किंवा ते संपल्यापासून 42 दिवसांत, गर्भारपणाशी किंवा त्याच्या उपचारांशी निगडित कारणांनी झालेले मृत्यू धरले जातात. अपघाती व प्रासंगिक कारणांनी झालेले मृत्यू तीतून वगळले जातात. जोडीदाराने केलेला खून सर्वसाधारणपणे या वगळलेल्या भागात जातो. रक्तस्रावाने गेलेली स्त्री मातामृत्यूच्या आकड्यात मोजली जाते आणि सातव्या महिन्यात नवऱ्याने मारून टाकलेली स्त्री मोजली जात नाही. अमेरिकेतील 2018 आणि 2019 या वर्षांच्या मृत्युनोंदी तपासल्या तेव्हा गर्भारपणात व त्यानंतरच्या 42 दिवसांत झालेल्या हत्यांचे प्रमाण मातामृत्यूच्या कोणत्याही एका प्रमुख वैद्यकीय कारणाच्या दुपटीहून अधिक भरले. ब्रिटनमध्ये मातामृत्यूंची गोपनीय चौकशी करण्याची जुनी पद्धत आहे, आणि त्या चौकशीत असे मृत्यूही पाहिले गेले म्हणूनच 1997 ते 1999 या काळावरील, 2001 मध्ये आलेल्या अहवालाला प्रसूतीपूर्व तपासणीत हिंसेविषयी विचारण्याची शिफारस करता आली. जे मोजले जात नाही त्यासाठी ना पैसा मंजूर होतो, ना माणसे नेमली जातात, हे प्रशासनाच्या जवळ वावरलेल्या कोणालाही सांगावे लागत नाही.

आता विरुद्ध बाजू. सर्वांना विचारण्याच्या धोरणाला होणारा विरोध केवळ जुनाट संकोचातून येतो असे नाही; त्यामागे गंभीर पुरावा आहे आणि तो प्रामाणिकपणे मांडला पाहिजे. आरोग्यसेवेत हिंसेसाठी सरसकट चाळणी लावण्याविषयी 2015 मध्ये कॉक्रेन या वैद्यकीय पुराव्यांचे आढावे घेणाऱ्या आंतरराष्ट्रीय संस्थेने केलेल्या आढाव्यात 13 तुलनात्मक अभ्यास व सुमारे 15,000 स्त्रियांची माहिती एकत्र केली गेली. विचारल्यामुळे हिंसा भोगणाऱ्या स्त्रिया अधिक संख्येने ओळखता येतात, आणि प्रसूतीपूर्व तपासणीत हा फरक विशेष ठळक असतो, हे त्यात दिसले. पण त्यामुळे मदतसेवांकडे पाठवल्या जाणाऱ्या स्त्रियांची संख्या वाढली किंवा त्यांच्यावरची हिंसा कमी झाली, असे सिद्ध झाले नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2013 च्या मार्गदर्शक सूचनांतही आरोग्यसेवेत येणाऱ्या प्रत्येक स्त्रीला सरसकट विचारावे असे म्हटलेले नाही. प्रसूतीपूर्व सेवेच्या बाबतीत संघटनेची भूमिका काहीशी वेगळी आहे: हिंसेमुळे उद्भवू किंवा बळावू शकेल अशी स्थिती असताना चौकशीचा गांभीर्याने विचार व्हावा, मात्र विचारणारी प्रशिक्षित असावी, एकांत आणि गोपनीयता असावी, पुढे पाठवण्याची सोय असावी, या अटींसह.

या पुराव्यावरून काही जण असा निष्कर्ष काढतात की विचारून उपयोग नाही. मला त्यातून उलटेच वाचायला मिळते. विचारल्याने ओळख पटते आणि ओळख पटूनही काही बदलत नाही, याचा सरळ अर्थ असा की साखळीची पहिली कडी धरते आणि दुसरी मुळात जोडलेलीच नाही. ज्या दवाखान्यात रक्तातील लोहाचे प्रमाण तपासले जाते पण लोहाची एकही गोळी ठेवलेली नसते, त्या दवाखान्यातील स्त्रियांचा पंडुरोग कमी झाला नाही म्हणून आपण तपासणीला दोष देत नाही. शिवाय यश कशात मोजायचे हाही प्रश्न आहेच. हिंसा करणारा पुरुष त्या खोलीत नसतो. प्रसविकेच्या प्रश्नाने त्याने हात आवरावा ही अपेक्षा चुकीच्या ठिकाणी ठेवलेली आहे. त्या प्रश्नामुळे स्त्रीला आपल्यावर जे घडते त्याला नाव असल्याचे कळले, मदत कोठे मिळते हे ठाऊक झाले, आणि पुढे कधी गरज पडली तर या खोलीत परत येऊन बोलता येईल असा विश्वास वाटला, तर ते काही कमी नाही. मात्र ज्या ठिकाणी आसरा नाही, समुपदेशक नाही, दूरध्वनीवर बोलणारे कोणी नाही आणि प्रसविकेला स्वतःलाही पुढे काय करायचे ते सांगितलेले नाही, त्या ठिकाणी सरसकट प्रश्न सक्तीचा करू नये, असे माझेही मत आहे. जखम उघडी करून तशीच सोडून देणे याला उपचार म्हणत नाहीत.

अटींपैकी कागदावर सर्वांत सोपी आणि प्रत्यक्षात सर्वांत अवघड अट एकांताची आहे. गेल्या काही दशकांत बाळाच्या बापाने तपासणीला सोबत यावे यासाठी अनेक देशांतील प्रसूतिसेवांनी जाणीवपूर्वक प्रयत्न केले, आणि ते योग्यच होते. पण त्याचा एक परिणाम असा झाला की स्त्रीला एकटीने भेटण्याचा हक्काचा क्षण उरला नाही. पुरुषाला बाहेर थांबायला सांगणे ही आता प्रसविकेच्या चातुर्याची परीक्षा होऊन बसते: लघवीचा नमुना द्यायच्या निमित्ताने स्त्रीला दुसरीकडे नेणे, वजनकाटा दुसऱ्या खोलीत असल्याचे सांगणे, अशा युक्त्या प्रसविका एकमेकींना शिकवतात. युक्ती लढवावी लागते याचाच अर्थ नियम नाही. ‘प्रत्येक गर्भवतीची निदान एक भेट तिच्या एकटीशीच होते’ हे संस्थेने पहिल्याच पत्रात छापून द्यावे, म्हणजे एखाद्या पुरुषाला बाहेर बसवल्याचा संशय प्रसविकेवर येणार नाही, आणि स्त्रीवर तर मुळीच येणार नाही. जी स्त्री त्या ठिकाणची भाषा बोलत नाही तिच्या बाबतीत दुभाषाही बाहेरचाच हवा. नवऱ्याने, सासूने किंवा मोठ्या मुलीने दुभाषाचे काम करायचे आणि त्यांच्यामार्फत हा प्रश्न विचारायचा, यापेक्षा तो न विचारलेला बरा.

वेळेचेही तसेच आहे. दहा-पंधरा मिनिटांत वजन, रक्तदाब, लघवी, बाळाचे ठोके, लसीकरण, आहार हे सारे उरकायचे असेल तर प्रसविका हिंसेचा प्रश्न अशा सुरात विचारते की त्याचे उत्तर ‘नाही’ असेच यावे. ‘घरी सगळे ठीक आहे ना?’ हा प्रश्न नसतो, ती विनंती असते. उत्तर ‘हो’ आले तर पुढची अर्धी सकाळ कोलमडेल आणि बाहेर ताटकळणाऱ्या बायका चिडतील, हे तिला ठाऊक असते. विचारताना मान संगणकाकडे आणि हात पुढच्या रकान्यावर असतील, तर ऐकण्याची तयारी नाही हे समोरच्या स्त्रीला शब्दांविनाच कळते. मारहाण सोसणारी स्त्री दुसऱ्याच्या चेहऱ्यावरची छटा वाचण्यात आपल्यापेक्षा कितीतरी तरबेज झालेली असते; घरी तिचा जीव त्यावर अवलंबून असतो.

प्रश्न कसा विचारावा, याचे काही शिकण्यासारखे शास्त्र आहे. ‘हिंसा’, ‘अत्याचार’ असे जड शब्द पुष्कळ स्त्रिया स्वतःच्या अनुभवाला लावत नाहीत; मात्र ‘तुमच्या जोडीदाराने कधी ढकलले, थापड मारली, गळा धरला असे झाले आहे का’, ‘घरी तुम्हाला कोणाची भीती वाटते का’ असे थेट आणि साधे विचारले की त्या थांबून विचार करतात. उत्तरानंतरच्या वागण्यासाठी जागतिक आरोग्य संघटनेने पाच गोष्टी सांगितल्या आहेत: ऐकून घेणे, तिला कशाची गरज व कशाची काळजी आहे ते विचारणे, तिच्या सांगण्यावर विश्वास असल्याचे बोलून दाखवणे, तिची सुरक्षितता वाढवण्याचा विचार तिच्यासोबत करणे, आणि पुढच्या मदतीशी तिची गाठ घालून देणे. या पाचांमध्ये सल्ला नाही, हे मुद्दाम लक्षात घ्यावे. ‘मग तुम्ही त्याला सोडत का नाही?’ हे सहानुभूतीच्या पोटी निघणारे वाक्य सर्वांत घातक ठरू शकते, कारण सोडून जाण्याचा काळ आणि त्यानंतरचे काही महिने हाच अनेकदा जिवाला सर्वाधिक धोक्याचा काळ असतो. कधी जायचे, जायचे की नाही, कोणाला सांगायचे, याचा हिशेब त्या स्त्रीने कित्येक रात्री मांडलेला असतो. प्रसविकेला तिची सुटका करायची नसते, त्या हिशेबासाठी तिला अधिक माहिती आणि थोडे बळ द्यायचे असते. संकटाशी झुंजण्याची आणि तातडीने निर्णय घेण्याची सवय असलेल्या व्यवसायाला हे हातावर हात ठेवून बसण्यासारखे वाटते, आणि माझ्या मते प्रशिक्षणाचा खरा अवघड भाग हाच आहे. खुणांची यादी दुपारपर्यंत पाठ होते.

नोंदीच्या प्रश्नाकडे धोरणे आखणाऱ्यांनी फारच कमी लक्ष दिले आहे. गर्भवतीच्या तपासण्यांचे पुस्तक अनेक देशांत तिच्याजवळच असते. ते घरी कपाटात किंवा पिशवीत राहते आणि कोणीही उघडून पाहू शकते. आता त्याची जागा भ्रमणध्वनीवरच्या नोंदींनी घेतली आहे, आणि ज्या घरात बायकोच्या भ्रमणध्वनीचा संकेतशब्द नवऱ्याला पाठ असतो त्या घरात ही सोय कागदी पुस्तकापेक्षाही उघडी पडते. दुसरीकडे, नोंद केलीच नाही तर पुढच्या भेटीतील वेगळ्या प्रसविकेला काहीच कळत नाही आणि स्त्रीला तीच हकीकत पुन्हा पहिल्यापासून सांगावी लागते. पुढे कधी न्यायालयात जायची वेळ आली तर त्या दिवशीच्या जखमेचा पुरावाही राहत नाही. यावर उपाय आहे: रुग्णाला किंवा तिच्या खात्यात शिरणाऱ्या इतर कोणाला न दिसणारा स्वतंत्र नोंदविभाग, आणि त्यात काय लिहिले जाणार हे स्त्रीला आधीच सांगणे. परंतु ही रचना संगणकप्रणाली विकत घेतानाच मागावी लागते. प्रणाली बसल्यानंतर एखाद्या प्रसविकेने पेन्सिलीने कोपऱ्यात खूण करून ठेवावी, या पातळीवरच अनेक ठिकाणी काम चालते.

सक्तीच्या कळवणुकीबद्दल माझे मत स्पष्ट आहे. सज्ञान स्त्रीच्या इच्छेविरुद्ध तिच्यावरील जोडीदाराच्या हिंसेची माहिती प्रसविकेने पोलिसांना द्यावी अशी सक्ती असू नये. जागतिक आरोग्य संघटनेचीही शिफारस अशीच आहे. तक्रार करायची असेल तर तिला सर्व मदत मिळावी, पण निर्णय तिचा असावा. सक्ती असली की बातमी फिरते आणि बायका बोलायच्या थांबतात. त्याहून खोल भीती बाळाविषयीची आहे. ज्या देशांत बालसंरक्षणाची यंत्रणा बळकट आहे तेथील कित्येक स्त्रिया केवळ ‘बाळ काढून घेतील’ या धास्तीने गप्प राहतात, आणि ही धास्ती दरवेळी निराधारच असते असेही नाही. म्हणून कोणती माहिती गुप्त राहील आणि कोणती कायद्याने पुढे द्यावी लागेल, हे प्रश्न विचारण्याच्या आधी सांगायला हवे. विश्वास संपादन करून उत्तर काढून घ्यायचे आणि मग मर्यादा सांगायची, हा विश्वासघातच होय, मग हेतू कितीही चांगला असो.

आणि प्रसविकेचे काय? हा व्यवसाय जगभर बहुतांशी स्त्रियांचा आहे. जोडीदाराची हिंसा जगातील जवळपास दर चार स्त्रियांपैकी एकीच्या वाट्याला आयुष्यात कधी ना कधी येते, असा जागतिक आरोग्य संघटनेचा 2021 मधील अंदाज सांगतो. तेव्हा हा प्रश्न विचारणाऱ्यांपैकी कितीतरी जणींना त्याचे उत्तर स्वतःच्या घरातून ठाऊक असणार. काही जणी त्यामुळेच फार चांगल्या ऐकतात. काही जणींना तो प्रश्न ओठांवर आणणेच जमत नाही, आणि बाहेरून पाहणाऱ्याला ती जागरूकतेची उणीव वाटते. प्रशिक्षणाच्या दालनात ‘हिंसा सोसणाऱ्या स्त्रिया’ असा उल्लेख होतो तेव्हा त्या स्त्रिया दालनाबाहेर कोठेतरी आहेत असे गृहीत धरलेले असते. ते गृहीत आधी सोडायला हवे. ज्या संस्थेला आपल्या प्रसविकांनी हे विचारावे असे वाटते, तिने त्यांच्यासाठीही गुप्तपणे बोलता येईल अशी जागा, गरज पडल्यास रजा, आणि ऐकलेल्या हकीकती मांडून मोकळे होता येईल असा अनुभवी सहकारी उपलब्ध करून द्यायला हवा. याशिवाय नवे काम वाढवणे म्हणजे आधीच कमी पगारात रात्रपाळ्या करणाऱ्यांवर आणखी एक ओझे चढवणे होय.

राहता राहिले ‘नाही’ हे उत्तर. पहिल्या भेटीत, अनोळखी व्यक्तीसमोर, बहुतेक स्त्रिया नाही म्हणणारच. मार खाणाऱ्याही नाहीच म्हणतील. म्हणून प्रश्न एकदा विचारून संपत नाही. तो मध्यावर पुन्हा, शेवटच्या महिन्यांत पुन्हा आणि बाळंतपणानंतरही विचारावा लागतो, आणि शक्य तेथे एकाच प्रसविकेने विचारावा लागतो, कारण चौथ्या भेटीत मिळणारे उत्तर आधीच्या तीन भेटींतील वागणुकीने कमावलेले असते. छापील नमुन्यात मात्र सहसा दोनच चौकटी असतात: ‘हो’ आणि ‘नाही’. सोबतचा पुरुष उठला नाही, दुभाषा मिळाला नाही, खोली रिकामी नव्हती किंवा वेळच उरला नाही, तर प्रसविका एकतर ‘नाही’वर खूण करते किंवा जागा कोरी सोडते, आणि वर्षअखेरीच्या गोषवाऱ्यात ती स्त्री हिंसामुक्त ठरते. तेथे तिसरी चौकट हवी, ‘विचारता आले नाही’ अशी, आणि तिच्यापुढे कारण लिहायला एक ओळ. दर महिन्याला त्या चौकटीतील खुणा मोजाव्यात, कारणांसह वर पाठवाव्यात, आणि त्यांचे उत्तर प्रसविकेकडे मागू नये. ज्याच्याकडे खोल्यांच्या, दुभाषांच्या आणि नेमणुकांच्या मंजुरीचा अधिकार आहे त्याच्याकडे मागावे.